पिकते तिथे पिकत नाही

मराठीत ‘पिकणे’ ह्या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. शेतात ज्वारी पिकते, कापूस पिकतो. म्हणजे त्याचे उत्पन्न येते. आणि अढीत आंबा पिकतो. म्हणजे हिरवा, कडक, आंबट असलेला आंबा पिवळा, मऊ, गोड होतो. बोलताना कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भावरून कळते, त्यामुळे सहसा घोटाळा होत नाही. पण ‘जळगावला केळी पिकतात’ हे वाक्य जरा तपासून पाहू. पहिल्या अर्थाने ते शंभर टक्के खरे आहे. राज्यातल्या केळीखालच्या क्षेत्राचा निम्म्याहून मोठा भाग ह्या एका जिल्ह्यात आहे. दुसऱ्या अर्थाने मात्र ते बऱ्याच अंशी खोटे आहे. जळगाव जिल्ह्यातून बाहेर जाणारे केळे हिरवे आणि कडक असते. ते पिवळे होते दिल्लीत, लखनौत, कानपुरात किंवा जम्मूत.

‘जिथे पिकते तिथे विकत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. केळीच्या बाबतीत तिच्यात भर घालावी लागेल: जिथे पिकते तिथे पिकतसुद्धा नाही. असे का होते आणि त्यामुळे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे ह्या लेखात आपण पाहणार आहोत. त्यासाठी सुरुवातीला थोडे दूर, फ्रान्समध्ये जावे लागेल.

शरद ऋतूतले दोन प्रदेश

फ्रान्समधील शॅम्पेन, बरगंडी, बोर्दो हे प्रदेश वाइनसाठी जगप्रसिद्ध आहेत. सप्टेंबर उजाडला की तिथे द्राक्षतोडणीची धांदल सुरू होते. शॅम्पेन प्रदेशात तर यंत्राने तोडणी करायला मनाईच आहे. सगळे घड हातांनी खुडावे लागतात आणि त्यासाठी बाहेरगावाहून हजारो मजूर येतात. तोडलेली द्राक्षे दूर नेली जात नाहीत. मळ्यांच्या आसपासच रस काढण्याचे घाणे असतात, रस तिथेच आंबवला जातो आणि बाटली तिथल्याच तळघरात वर्षानुवर्षे मुरते. बरगंडीतल्या बोन ह्या गावी १८५९ सालापासून दर वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या रुग्णालयाच्या मालकीच्या मळ्यांतील नव्या वाइनचा लिलाव होतो. गिऱ्हाईक गावात येते, माल गिऱ्हाइकाच्या दारी जात नाही. ‘शॅम्पेन’ हे नाव त्या प्रदेशाबाहेर बनलेल्या वाइनला लावता येत नाही असा युरोपात कायदा आहे.

आता खानदेशात या. आश्विन-कार्तिकाचे दिवस. पाऊस सरला आहे, ऑक्टोबरचे ऊन चटके देते आहे, पहाटे मात्र गारवा जाणवू लागला आहे. कापसाची बोंडे फुटली आहेत आणि वेचणीला माणूस मिळत नाही. संध्याकाळी मुलींची गुलाबाईची गाणी कोजागरीपर्यंत चालतात. सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या काळ्याभोर पट्ट्यात, रावेर, यावल, चोपडा ह्या तालुक्यांत आणि तसेच पुढे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडे, केळीची कापणी जोरात असते. नवरात्राचे उपवास, मग दिवाळी, आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी उत्तर भारतात होणारी छठपूजा यांमुळे केळ्यांना मागणी असते. छठपूजेला तर केळ्यांचा अख्खा घड लागतो. बांधावर ट्रक उभे असतात, मजूर खांद्यावरून घड वाहतात, केळीच्या पानांचा थर देऊन ते रचले जातात. रावेर, निंभोरा, सावदा ह्या स्टेशनांवरून वॅगन भरभरून केळी दिल्लीला पाठवण्याची परंपराही जुनी आहे.

दोन्हीकडे शरद ऋतू, दोन्हीकडे हंगाम, दोन्हीकडे जगात नाव काढणारे फळ. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. तरीही एका बाबतीत दोन्ही प्रदेशांत मोठा फरक आहे. फ्रान्समध्ये फळाचे रूपांतर गावात होते. खानदेशात मात्र फळ तयार होते गावात आणि त्याचे रूपांतर होते हजार-अकराशे किलोमीटर दूर. ट्रकभर केळी शेजारून जातात, पण पिकल्या केळ्याचा वास येत नाही.

हा फरक केवळ इतिहासाचा किंवा कायद्याचा नाही. त्याचे एक मूळ त्या दोन फळांच्या शरीरधर्मात आहे.

द्राक्ष थांबत नाही

वेलीवरून तोडल्यानंतर द्राक्ष गोड होत नाही. त्यातली साखर पानांत तयार होते आणि देठातून मण्यांत येते. देठ तुटला की पुरवठा बंद. फळात पिष्टाचा म्हणजे स्टार्चचा साठा जवळजवळ नसतो. त्यामुळे आतल्या आत काही रूपांतर होऊन गोडी वाढण्याचीही सोय नाही. आंबट द्राक्षे घरात आठवडाभर ठेवली तर ती सुकतील, सडतील, पण गोड होणार नाहीत.

म्हणून द्राक्षाला वेलीवरच पूर्ण पिकू द्यावे लागते. वाइनसाठी तर साखर किती झाली यावर सगळा हिशेब असतो. रसाच्या एका लिटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम साखर असेल तर किण्वानंतर साधारण एक टक्का अल्कोहोल मिळते. साखर वाढते तसे आम्ल कमी होते. दोन्हींचा मेळ बसण्याचे मोजके दिवस असतात, त्या दिवसांत तोडणी उरकावी लागते. पिकलेले द्राक्ष नाजूक असल्याने त्याला दूरचा प्रवासही सोसत नाही. घाणा मळ्याजवळ असणे ही अशी गरजच होती.

तोडणीची तारीख तपमानावर ठरते. बोन गावातील तोडणीच्या तारखांची १३५४ सालापासूनची नोंद संशोधकांनी जुळवली आहे. १९८८ नंतर तिथली तोडणी आधीच्या सहा शतकांहून अधिक काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस आधी होऊ लागली. पृथ्वीचे तपमान वाढते आहे याचा इतका लांबलचक पुरावा द्राक्षतोडणीच्या जुन्या नोंदींत सापडावा, ही गोष्ट मुलांना जरूर सांगण्यासारखी आहे.

वाचकांच्या मनात इथे आपल्या नाशिकचा विचार आला असेल. नाशिकलाही द्राक्षे आहेत आणि वाइनही आहे, पण तिथला शरद वेगळा. थंड प्रदेशातली वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करून तिचे वेळापत्रक बनवतो. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि जानेवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तोडणी चालते. महिने बदलले तरी नियम तोच: द्राक्ष वेलीवर पिकते.

केळे थांबते, पण किती?

केळ्याचे वागणे अगदी उलट आहे. केळीचा घड निसवल्यानंतर भरायला साधारण तीन ते चार महिने लागतात. ह्या काळात पानांतून आलेली साखर केळ्यात पिष्टाच्या रूपात साठत जाते. कापणीच्या वेळी हिरव्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांहून अधिक पिष्ट असते आणि साखर जेमतेम एक-दोन टक्के. पिकल्यावर हे प्रमाण उलटे होते. पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येते आणि साखर वीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे गोडीचा सगळा कच्चा माल केळे झाडावरून बरोबरच घेऊन निघते. झाडाशी संबंध तुटला तरी त्याचे काही अडत नाही.

उलट झाडावर राहिले तरच अडते. घड झाडावर पूर्ण पिकू दिला तर केळी फुटतात, एकसारखी पिकत नाहीत आणि बाजारात नेण्याच्या लायकीची राहत नाहीत. म्हणून कापणी हिरव्यातच करायची. केळ्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने धारा असतात, त्या केळे भरत जाते तशा बोथट होत जातात. जवळच्या बाजारासाठी केळे जवळजवळ गोल होऊ देतात. दिल्लीला पाठवायचे असेल तर धारा थोड्या शिल्लक असतानाच, म्हणजे पाऊण भाग भरल्यावर कापतात. लवकर कापले तर वजन घटते, उशीर केला तर वाटेत पिकून सडण्याची भीती. भाव वजनावर असल्याने बाजार जितका दूर, तितके वजन शेतकरी झाडावरच सोडून देतो.

कापल्यानंतरही केळे जिवंत असते. ते श्वसन करते, प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकते. काही दिवस हे श्वसन अगदी संथ चालते. मग अचानक ते कित्येक पटींनी वाढते, शिखर गाठते आणि उतरते. ह्या उसळीबरोबरच पिष्टाची साखर होते, पेशींना सांधणारे पेक्टिन विरघळून गर मऊ होतो, सालीतले हरितद्रव्य नाहीसे होऊन आधीपासूनच असलेला पिवळा रंग दिसू लागतो आणि सुवास सुटतो. केंब्रिज येथील किड आणि वेस्ट या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात सफरचंदांवर प्रयोग करून ही उसळी दाखवली आणि तिला ‘क्लायमॅक्टेरिक’ हे नाव दिले. अशी उसळी असणारी फळे तोडल्यावर पिकतात: केळे, आंबा, चिकू, पपई, सीताफळ, टोमॅटो, सफरचंद. ती नसणारी फळे तोडल्यावर गोड होत नाहीत: द्राक्ष, संत्रे, मोसंबी, लिंबू, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी.

एका वायूची करामत

ही उसळी सुरू कोण करते? उत्तर आहे इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा हा साधा वायू. त्याचा शोध मात्र वळणावळणाने लागला.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. जिथे गॅसची नळी गळत असे तिथल्या झाडांची पाने अकाली गळत. १९०१ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण संशोधकाने प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे वेडीवाकडी का वाढतात याचा शोध घेतला आणि दोष दिव्याच्या गॅसमधील इथिलीनचा आहे असे दाखवले. १९१० मध्ये जमैका बेटावरील कझिन्स या अधिकाऱ्याने सूचना केली की जहाजात संत्री आणि केळी एकत्र ठेवू नयेत, संत्र्यांतून निघणाऱ्या कसल्याशा वायूने केळी वेळेआधी पिकतात. गंमत अशी की चांगले संत्रे फारसे इथिलीन सोडतच नाही. संत्र्यावर वाढणारी हिरवी बुरशी मात्र भरपूर सोडते. १९३४ मध्ये रिचर्ड गेन याने पिकणारे सफरचंद स्वतःच इथिलीन तयार करते हे सिद्ध केले. १९७९ मध्ये ॲडम्स आणि यांग यांनी मेथिओनीन ह्या अमिनो आम्लापासून वनस्पती हा वायू कशा बनवतात ती साखळी पूर्ण केली.

इथिलीनचा सर्वांत महत्त्वाचा गुण असा की पिकू लागलेल्या केळ्यात ते स्वतःचेच उत्पादन वाढवते. थोडे इथिलीन आले की फळ आणखी इथिलीन बनवते, ते शेजारच्या फळाला लागते, तेही बनवू लागते. म्हणून एका पिकलेल्या केळ्याने सगळी टोपली पिकते. आंब्याची अढी गवतात झाकून का घालतात याचेही उत्तर इथेच आहे: वायू आणि ऊब कोंडून ठेवायची.

ट्रकमध्ये हाच गुण शत्रू ठरतो. घड आपटला, सालीला जखम झाली तरी फळ इथिलीन सोडते. रचलेल्या घडांच्या मधोमध श्वसनाची उष्णता साठते. तपमान दहा अंशांनी वाढले तर श्वसन साधारण दुप्पट होते. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस ट्रक खोळंबला तर काय होईल याचा हिशेब विद्यार्थी सहज मांडू शकतील.

पिवळा रंग थंडीत येतो

पण मग केळी खानदेशातच का पिकवत नाहीत? पिकवून पाठवावीत म्हटले, तर मऊ पिवळ्या केळ्यांना अकराशे किलोमीटरचा प्रवास सोसणार नाही. हे झाले एक कारण. दुसरे कारण तितकेसे ठाऊक नसते.

खानदेशात लावली जाणारी बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी आणि ऊतिसंवर्धित रोपांमुळे आता सगळीकडे पसरलेली ग्रँड नैन, ही सगळी केळी कॅव्हेंडिश गटातली. ह्या गटाची खोड अशी की तपमान सुमारे २४ अंश सेल्सियसच्या वर असेल तर गर पिकतो पण साल नीट पिवळी होत नाही. गर मऊ आणि गोड, साल हिरवट. बाजारात अशा केळ्याला कोणी हात लावत नाही. मनासारखा पिवळा रंग हवा तर केळी १६ ते १८ अंशांना, दमट हवेत ठेवून २४ तास इथिलीन द्यावे लागते, मग साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडून चार-पाच दिवस तपमान सांभाळावे लागते. ऑक्टोबरमध्ये खानदेशात दुपारी पारा ३५ अंशांकडे जातो. तिथे यंत्राने थंड केलेल्या खोलीशिवाय हे जमणार नाही.

आणि फार थंडीही चालत नाही. १३ अंशांखाली केळ्याच्या सालीतल्या पेशींना इजा होते. ते पुढे पिकले तरी मळकट, तपकिरी दिसते. घरच्या फ्रीजमध्ये ठेवलेले केळे काळे पडते ते ह्याचमुळे. खानदेशात हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली उतरला की शेतातच ‘चरका’ बसतो: पानांची वाढ खुंटते, निसवण लांबते, घड अडकतो. म्हणून लागवडीचे वेळापत्रकही थंडी पाहून ठरते. जून-जुलैत लावलेली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून लावलेली ती कांदेबाग. कांदेबागेच्या रोपाने थंडी वाढण्याआधी मुळे धरली पाहिजेत. ऊतिसंवर्धित रोपाला कापणीवर यायला साधारण वर्ष लागते. म्हणजे ह्या शरदात लावलेले रोप पुढच्या शरदात सणांच्या बाजारासाठी तयार होते. एकाच वेळी एका शेतात कापणी आणि शेजारच्या शेतात लागवड, असे दृश्य दिसते ते ह्यामुळे. त्याच वेळी कापूसही वेचायचा असतो.

पुडीतली पावडर

थंड खोली, इथिलीनचे सिलिंडर आणि वीज ह्यांना पैसे लागतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी सोपा मार्ग धरला गेला. कॅल्शियम कार्बाइडची पुडी फळांत ठेवायची. हवेतल्या ओलाव्याशी तिचा संयोग होऊन ॲसिटिलीन वायू आणि विरलेला चुना तयार होतो. ॲसिटिलीन हा इथिलीनचा जवळचा नातेवाईक. त्याच्या अंगी पिकवण्याची शक्ती आहे, पण कितीतरी कमी, म्हणून तो पुष्कळ लागतो. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांची संयुगे अल्प प्रमाणात असतात. ती हाताळणाऱ्या मजुराला त्रास देतात आणि फळालाही लागू शकतात. आपल्या देशात कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे. आज ती २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत आहे, त्याआधी अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत होती. इथिलीन वायू मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवलेल्या, दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंतच्या मर्यादेत वापरता येतो.

विद्यार्थी पुष्कळदा विचारतात, ‘म्हणजे इथिलीन दिलेले केळे कृत्रिम, आणि आपोआप पिकलेले नैसर्गिक?’ वायू तोच आहे. केळे जो वायू स्वतः बनवते तोच बाहेरून दिला आहे. चूक असते ती चुकीचा पदार्थ वापरण्यात आणि न भरलेले केळे घाईने पिवळे करण्यात. ज्या केळ्यात पिष्ट पुरेसे साठलेच नाही, ते रंगाने पिवळे होईल, चवीने बेतासबात राहील.

थांबण्याची ताकद

आता पुन्हा दोन्ही प्रदेशांकडे पाहू. वाइन करणारा द्राक्षे आंबवतो तेव्हा नाशवंत फळाचे टिकाऊ पेय होते. ह्या वर्षी भाव पडला तर तो बाटली तळघरात ठेवून पुढच्या वर्षी विकू शकतो. द्राक्षात थांबण्याची ताकद नव्हती, ती त्याने तळघरात निर्माण केली.

केळ्यात निसर्गानेच थोडी थांबण्याची ताकद दिली आहे: कापणीपासून श्वसनाच्या उसळीपर्यंतचे दिवस. पण ते दिवस शेतकऱ्याच्या हातात नाहीत, ते रस्त्यात जातात. भरलेला घड झाडावर फार दिवस ठेवता येत नाही. कापला की तो आज, उद्या विकलाच पाहिजे. खानदेशात केळीचे भाव रोज जाहीर होतात, नवती म्हणजे पहिल्या पिकाच्या मालाचा एक, पिलबागेचा दुसरा आणि नाकारलेल्या ‘वापसी’ मालाचा तिसरा. जाहीर झालेल्या भावापेक्षा कमी भावाने माल उचलला जातो, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. सौदा करताना एका बाजूला वेळ असतो आणि दुसऱ्या बाजूला नसतो. अशा सौद्यात कोणाचे चालते हे सांगायला अर्थशास्त्राचे पुस्तक लागत नाही. दिल्लीत पिकवण्याची खोली ज्याच्याकडे आहे तो केळी सणाच्या आदल्या दिवशी पिवळी करू शकतो. वेळ त्याच्या मुठीत असतो. नावही त्याच वाटेवर गळून पडते. पिवळे केळे विकत घेणाऱ्याला ते रावेरचे की आणखी कुठले, हे कळत नाही.

ह्यावर उपाय काय? केळ्याची वाइन करावी असे आमचे म्हणणे नाही. उपायाचे सूत्र एकच: थांबण्याचे दिवस शेताजवळ निर्माण करायचे. कापल्यावर केळी लगेच धुऊन, खोक्यांत भरून १३-१४ अंशांवर आणली आणि त्याच तपमानात ठेवली तर ती तीन-चार आठवडे हिरवी राहू शकतात. इक्वेडोरसारखा देश महासागर ओलांडून केळी विकतो तो ह्याच बळावर. भारत जगात सर्वांत जास्त, जगाच्या साधारण पाव हिस्सा केळी पिकवतो, पण जगाच्या केळी-व्यापारात त्याचा वाटा अगदी लहान आहे. कारण आपली बहुतेक केळी ह्या थंड साखळीत शिरतच नाहीत. सुरुवात मात्र झाली आहे. रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी २०२१ साली भौगोलिक निर्देशांकाच्या नावासह दुबईला गेली. घडाला पिशवी घालणे, घड जमिनीवर न टेकवता फण्या वेगळ्या करणे, पूर्वशीतकरण, अशा कामांना गावागावांत मजूर तयार होत आहेत.

दुसरा मार्ग वेफर्सचा. जळगाव-भुसावळ भागात केळ्याच्या वेफर्सची भट्टी ही ओळखीची गोष्ट आहे. वेफर्सना कच्चेच केळे लागते, कारण पिष्ट तळल्यावर कुरकुरीत होते, साखर मात्र काळपट होऊन करपते. म्हणजे इथे पिकण्याची वाट पाहावीच लागत नाही आणि रूपांतर गावातच होते.

ह्यात धोकेही आहेत. थंड खोलीला अखंड वीज लागते, एकट्या शेतकऱ्याला ती परवडत नाही, आणि खोली व्यापाऱ्याचीच असेल तर वेळ पुन्हा त्याच्याच मुठीत जातो. खोली गावात आली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ती कोणाच्या मालकीची, हेही विचारावे लागेल.

वर्गात करून पाहा

१. पिष्टाची चाचणी: हिरवे, अर्धवट पिकलेले आणि पूर्ण पिकलेले अशी तीन केळी आडवी कापा. चकत्यांवर पाणी घालून पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब टाका. पिष्ट असेल तिथे निळा-काळा रंग येईल. कोणत्या चकतीवर तो सर्वांत कमी आला? (ह्या चकत्या खाऊ नयेत.)

२. वायूची चाचणी: एकाच फणीतील सहा हिरवी केळी घ्या. दोन उघड्यावर, दोन कागदी पिशवीत बंद करून आणि दोन एका पिकलेल्या केळ्याबरोबर पिशवीत ठेवा. रोज रंगाची नोंद करा. कोणती आधी पिकली, आणि का?

३. तपमानाची चाचणी: एक हिरवे केळे वर्गात, एक माठाजवळच्या गार जागी आणि एक फ्रीजमध्ये ठेवा. साल आणि गर यांची वेगवेगळी नोंद ठेवा. ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत हा प्रयोग केला तर निकालांत फरक पडतो का ते पाहा.

४. द्राक्षाची चाचणी: हंगामात आंबट द्राक्षांचा एक घड अर्धा करून एक भाग त्याच दिवशी आणि दुसरा पाच दिवसांनी चाखा. गोडी वाढली का?

५. बाजाराची पाहणी: आठवडी बाजारात मिळणाऱ्या दहा फळांची यादी करा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: ते कुठे लावले होते, कुठे पिकवले गेले आणि ह्या दोन ठिकाणांमधले अंतर किती. माहिती विक्रेत्यांना विचारून मिळवा. नंतर क्लायमॅक्टेरिक फळे एका बाजूला आणि उरलेली दुसऱ्या बाजूला लावून अंतरांची तुलना करा. आपल्या तालुक्यात लावले जाणारे एखादे फळ यादीत असेल तर त्याच्यासाठी आणखी एक रकाना ठेवा: तोडल्यापासून विकेपर्यंत ते किती दिवस थांबू शकते, आणि ते दिवस सध्या कोणाच्या हातात आहेत?